तलाव घरचा, पाणी गावाचे

बंगल्याच्या आवारातील पोहण्याच्या तलावावर नियम कशाला, असा सवाल हिंगोलीतही केला जाईल. आवार खासगी खरे. पण जमिनीखालचा झरा कुंपण पाहून वाहत नाही. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद व दीड मीटर खोल तलावात 48,000 लिटर पाणी मावते. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या निकषाने हे सुमारे 870 माणसांचे दिवसाचे पाणी झाले! मराठवाड्यातल्याच लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून 500 मीटरच्या आत विनापरवाना विहीर खोदण्यास मनाई केली. परंतु त्यापलीकडचे बोअरही त्याच थरातले पाणी ओढू शकते. तेव्हा बोअरला मीटर आणि टंचाईत तलाव भरण्यास बंदी, असा ठराव कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यापूर्वीच ग्रामसभेत मांडावा.