ससाणा पाळायचाय? आधी उमेदवारी करा!

शिक्रा तुम्ही पाहिला असेलच. पारव्याएवढा, राखी पाठीचा हा पक्षी झाडाच्या फांदीवर दबा धरून बसतो आणि सरडा किंवा उंदीर दिसताच त्यावर झडप घालतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे गावाबाहेरच्या आमराईतही तो दिसतो. त्याची ती ऐट पाहून पुष्कळांच्या मनात येते, की एखादे पिल्लू आणावे, वाढवावे आणि हातावर बसवून मिरवावे. मग प्रश्न येतो, "सर, परवाना काढून ससाणा पाळता येतो का?"

आपल्या देशात असा छंदाचा परवाना मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिक्रा, ससाणा, गरुड, घुबड यांना पकडणे, त्यांची अंडी वा पिल्ले घरट्यातून काढणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे. संशोधन किंवा शिक्षण अशा कारणांसाठी मुख्य वन्यजीव रक्षक विशेष परवानगी देऊ शकतात. पण हौसेसाठी नाही.

हा कायदा योग्य आहे असे माझे मत आहे. मात्र "मनाई आहे, गप्प बसा" एवढे सांगून विद्यार्थ्याला वाटेला लावणाऱ्या शिक्षकाशी मी सहमत नाही. या इच्छेला योग्य वळण मिळाले, तर तिच्यातून चांगला अभ्यासक घडू शकतो.

जिथे परवाना मिळतो, तिथे तो कसा मिळतो हे पाहा. अमेरिकेत ससाणा पाळू इच्छिणाऱ्याला लेखी परीक्षेत किमान ८० टक्के गुण मिळवावे लागतात. पक्ष्याचा निवारा व साहित्य यांची तपासणी होते. शिवाय अनुभवी जाणकाराच्या हाताखाली किमान दोन वर्षे उमेदवारी करावी लागते. पक्षी हाती येण्याआधीच त्याचा आहार, आजार आणि सवयी यांचा अभ्यास करावा लागतो.

त्यातले एक काम आम्हा भौतिकशास्त्रवाल्यांच्या आवडीचे आहे. ससाणा पाळणारा रोज तराजूवर पक्ष्याचे वजन करतो आणि वहीत लिहून ठेवतो. समजा, पक्षी १५० ग्रॅम वजनाचा आहे आणि त्याचे वजन ५ ग्रॅमने घटले. ५ ग्रॅम म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण ही घट ३ टक्क्यांहून अधिक झाली. ४५ किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत ती दीड किलो होईल, आणि तीही एका दिवसात! मापनात हयगय झाली तर पक्षी दगावतो. म्हणजे पक्ष्यावर नुसती माया असून भागत नाही, मोजमापाची शिस्तही अंगी लागते.

येथे कोणी आक्षेप घेईल, की ससाणे पाळणाऱ्यांनीच बहिरी ससाणा वाचवला ना? आक्षेपात तथ्य आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीचा वापर बेसुमार वाढला. हे द्रव्य भक्ष्यातून ससाण्याच्या शरीरात साठे, त्याच्या अंड्यांचे कवच पातळ होई आणि उबवताना अंडी फुटत. कवच पातळ झाल्याचे १९६७ मध्ये ब्रिटनच्या डेरेक रॅटक्लिफ यांनी दाखवून दिले. अमेरिकेच्या पूर्व भागात तर बहिरी ससाण्याची वीण थांबलीच होती. तेव्हा टॉम केड यांनी १९७० मध्ये संस्था स्थापून बंदिवासात पिल्ले वाढवली व रानात सोडली. पाळणाऱ्यांचे जुने कसब तिथे कामी आले. १९९९ मध्ये हा पक्षी तिथल्या संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला.

पण नीट पाहिले तर त्या कसबाचे मोल पक्षी सोडून देण्यात ठरले. आपल्याकडे उद्या परवाने वाटले तर पिल्ले येतील ती रानातल्या घरट्यांतून. पक्षी विकणाऱ्यांचे फावेल, आणि घरटी राखायला वनरक्षक तरी किती पुरणार?

असेच सोडून देण्याचे काम आपल्या जिल्ह्यातही झाले आहे. गिधाड हातावर बसवून शिकार करण्याचा पक्षी नव्हे. पण गरुड-शिक्र्यांचा तो जवळचा नातलग आहे. १९९० नंतरच्या दीड दशकात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्याला कारण असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. गडचिरोलीच्या वनविभागाने गिधाडांसाठी खास 'उपाहारगृहे' उभारली. तिथे त्यांना सुरक्षित मांस मिळावे हा हेतू. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात जन्मलेली दहा गिधाडे ताडोबातील बोटेझरी येथे आणली गेली. आधी मोठ्या जाळीघरात त्यांना येथील हवा-पाण्याची सवय करून दिली, पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली आणि मग मोकळे सोडले. काही दगावली. एकाने मात्र थेट तामिळनाडूपर्यंत मजल मारली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. तेव्हा एक पक्षी गेला, तर तो भरून यायला किती काळ लागेल याचा विचार करा.

मग तुम्ही काय करायचे? दोन वर्षांची उमेदवारी इथेच सुरू करा. एक वही करा. सकाळी किती वाजता घारी घिरट्या घालू लागतात, एक फेरी किती सेकंदांत होते, ढगाळ दिवशी काय फरक पडतो, हे लिहा. ऊन तापल्याशिवाय त्या उंच का चढत नाहीत, याचे उत्तर तुमच्या उष्णतेच्या धड्यातच आहे. घरच्या गाईला इंजेक्शन देताना डॉक्टरांना औषधाचे नाव विचारा. गिधाडांना निर्धोक असे मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. जमिनीवर पिल्लू दिसले तर उचलून घरी नेऊ नका. ते उडायला शिकत असेल आणि आईबाप जवळच असतील. दूर उभे राहून पाहा. जखमी वाटले तरच वनविभागाला कळवा. माणसाच्या हाती वाढलेले पिल्लू माणसालाच आपला जातभाई समजू लागते आणि रानाला पारखे होते.

शिक्षकांना विनंती एवढीच, की अशा वह्या वर्गात वाचून दाखवाव्यात आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी जपून ठेवाव्यात. दोन वर्षांनी ज्याची वही भरलेली असेल, त्याला माझ्या मते परवाना मिळालाच! त्याचा ससाणा मात्र रानात मोकळाच राहील.