उत्तर देण्याआधी



पोफळीचं जलविद्युत केंद्र 1962 पासून सह्याद्रीच्या पोटातून वीज देतं आहे. अशा केंद्रात पाळी संपताना काय चालू, काय बंद, हे नोंदवहीत लिहून आणि तोंडी सांगूनच निघायचं असतं. ‘समजून घेईल तो’ तिथे चालत नाही. घरी मात्र आपण अर्धंच वाक्य बोलतो आणि उरलेलं समोरच्याने ओळखावं, अशी अपेक्षा धरतो.

म्हणून या अंकाचा विषय आहे आपलं बोलणं. तिरकस बोलण्याचा आम्हा कोकण्यांना अभिमान आहे, तो सोडा असं आम्ही म्हणणार नाही. पण ‘जेवलास का?’ला ‘मग काय उपाशी बसू?’ हे उत्तर गमतीने दिलं की रागाने, हे पुष्कळदा देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आता गणपतीला चाकरमानी येतील. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून वर्षभर भागवलेले भाऊ एका पडवीत बसतील, घरदुरुस्तीचा आणि आईच्या औषधपाण्याचा विषय निघेल.

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात बहुतेक काळ मौन पाळतात. घरात तेवढं जमणार नाही. पण आवाज चढण्याआधी श्वास चढतो, हे ज्याचं त्याला कळलं तरी पुढचा शब्द बदलता येतो. या अंकातले लेख उपदेश न करता याच क्षणाकडे पाहतात.

तुम्ही मोडलेली, किंवा अजून न मोडलेली, बोलण्याची एखादी सवय आम्हाला जरूर लिहून कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.

– संपादक मंडळ