पंचवीस प्रेक्षकांचा खेळ

परवा कँटीनमध्ये वाद झाला. विषय निघाला व्हिडिओ गेमचा. चहाचा कप खाली ठेवत मराठीचे सर म्हणाले, "ज्या खेळाला खेळणारेच मूठभर, त्यासाठी कुणी आयुष्याची वीस वर्षे का घालवावीत? आणि तुम्ही तरी त्याचे एवढे कौतुक का करावे?" माझे मित्र हसले. मी गप्प राहिलो, कारण सरांपुढे मला उत्तर नेहमी अर्ध्या तासाने सुचते. ते संपादकांच्या कृपेने इथे मांडतो.

प्रथम सरांचीच साक्ष काढतो. गेल्या वर्षी प्रायोगिक रंगभूमीवर बोलताना सर दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात इतके रमले की तास संपल्याची घंटा कुणाला ऐकूच आली नाही. सत्तरच्या दशकात तिथे मोजक्या प्रेक्षकांसमोर नाटके होत. धंद्याच्या हिशेबात ती कधीच बसली नसती. तरी मुख्य प्रवाहातल्या नाटक-सिनेमाने पुढे कितीतरी नट, दिग्दर्शक आणि कल्पना तिथूनच उचलल्या. मग जो न्याय नाटकाला, तो संगणकावरच्या खेळाला का नको?

वादाला कारण झालेला खेळ म्हणजे 'ड्वार्फ फोर्ट्रेस', बुटक्यांचा किल्ला. टार्न आणि झॅक अॅडम्स या दोघा अमेरिकन भावांनी तो २००६ मध्ये लोकांपुढे ठेवला, तोही फुकट. टार्न हा गणितातला डॉक्टरेट. प्राध्यापकी सोडून तो या नादी लागला. आपण दिवाळीत अंगणात किल्ला करतो, मावळे मांडतो आणि मग त्यांच्या गोष्टी मनातल्या मनात रचतो. इथे त्या गोष्टी संगणक रचतो. सुरुवातीला सात बुटके मिळतात. ते डोंगर पोखरतात, दारू गाळतात, रुसतात, भांडतात, कधी शोकाने वेडे होतात. खेळ सुरू होण्याआधीच त्या जगाचा शेकडो वर्षांचा इतिहास तयार झालेला असतो. आणि हे सगळे दिसायचे कसे? चित्रे नाहीतच. नुसती अक्षरे आणि चिन्हे. मांजर म्हणजे इंग्रजी 'सी'. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा संगणक बिघडला असे समजून तो बंद केला होता.

मांजरांवरून एक किस्सा सांगायलाच हवा. एकदा खेळणाऱ्यांच्या लक्षात आले की त्यांच्या किल्ल्यातली मांजरे पटापट मरत आहेत. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. खानावळीत बुटक्यांच्या हातून दारू सांडत होती, मांजरे त्यातून चालत जात होती, आणि मग मांजराच्या स्वभावानुसार पंजे चाटून साफ करत होती. हिशेबातल्या एका चुकीमुळे पंजाला लागलेला थेंब पूर्ण पेल्याएवढा धरला जाई, आणि बिचारी मांजरे दारूने मरत. ही घटना कुणी लिहिलेली नव्हती. सांडलेल्या दारूचा नियम वेगळा, पंजे चाटण्याचा वेगळा, नशेचा वेगळा; तिन्ही एकत्र आले आणि गोष्ट घडली. मांजराच्या पंजावर काय लागले आहे याची नोंद ठेवायला कोणत्या मोठ्या कंपनीने पगारी माणूस नेमला असता?

माझा मुद्दा नेमका इथे आहे. मोठ्या खेळावर शेकडो माणसे वर्षानुवर्षे खपतात, खर्च कोट्यवधी डॉलरांवर जातो. एवढा पैसा लावणाऱ्याला खात्री हवी असते, आणि खात्री कालच्या यशाचीच असते. म्हणून दुसरा भाग, तिसरा भाग, सातवा भाग. ज्याच्यापुढे पंचवीसच प्रेक्षक बसले आहेत, त्याला मात्र खात्रीची गरज नसते. ते पंचवीस अवघड गोष्टीसाठी मान मोडून घ्यायला तयार असतात.

व्यवहाराचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. २००९ मध्ये झॅकरी बार्थ या तरुणाने 'इन्फिनीमायनर' नावाचा छोटासा खेळ केला. ठोकळ्यांचे जग, त्यात खणून खनिजे मिळवायची. खेळणारे खणण्याऐवजी इमारती बांधत बसले! पुढे त्याची सांकेतिक लिपी बाहेर फुटली आणि बार्थने तो सोडून दिला. त्याच वर्षी स्वीडनच्या मार्कुस पर्सनने ठोकळ्यांची ही कल्पना घेऊन 'माइनक्राफ्ट' सुरू केला. 'इन्फिनीमायनर' आणि 'ड्वार्फ फोर्ट्रेस' या दोघांचे ऋण त्याने उघडपणे मान्य केले आहे. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने माइनक्राफ्टची कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली. २०२३ पर्यंत त्या खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. माझा आठ वर्षांचा भाचा तो खेळतो. बार्थचे नाव त्याला ठाऊक नाही.

पण एवढ्यावर थांबणे मला पटत नाही. 'लहान खेळ चांगले, कारण त्यातून पुढे मोठे निघतात' हे म्हणजे लेकीचे कौतुक तिच्या सासरच्या श्रीमंतीवरून करण्यासारखे झाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये पहिले चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले, त्यांत 'ड्वार्फ फोर्ट्रेस' होता, तो स्वतःच्या गुणावर. आणि हेही कबूल करतो की मूठभरांसाठी केलेले पुष्कळसे खेळ निव्वळ कंटाळवाणे असतात. तशी प्रायोगिक नाटकेही मी पाहिली आहेत. (सर, नावे घेत नाही.)

खरा प्रश्न पोटाचा आहे. अॅडम्स बंधू वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांच्या देणग्यांवर जगले. झॅकच्या आजारपणानंतर औषधोपचारांच्या खर्चाची धास्ती वाटू लागली, म्हणून २०१९ मध्ये त्यांनी चित्रे घातलेली आवृत्ती विकायचे ठरवले. ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि महिन्याभरात तिच्या पाच लाखांच्या आसपास प्रती गेल्या. सोळा वर्षांनी! आपल्या पुण्यातल्या एका छोट्या चमूने 'राजी' हा खेळ केला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, पहाडी शैलीची चित्रे, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा. त्यांचा २०१७ मधला लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता. खेळ २०२० मध्ये आला. मधली तीन वर्षे त्यांनी कशी काढली असतील याचा विचार आपण खेळ फुकट उतरवून घेताना करत नाही. मीही केला नव्हता. यंदा खाणावळीच्या पैशांतून वाचवून तो विकत घेतला.

हा लेख संपादकांकडे देण्याआधी सरांना दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाले, "दाखव बघू तुझा किल्ला." ते संगणकासमोर बसले. नदीच्या अगदी काठाशी खणू नका, असे मी सांगत होतो. सरांनी ऐकले नाही. पाणी आत शिरले आणि सातही बुटके बुडाले. सरांनी चष्मा काढून पुसला.

"पुन्हा सुरू कर," ते म्हणाले. "आणि आमच्यासाठी चहा सांग."