मातीच्या टेकड्या आणि समुद्रांतील खडक

आमचे द्वितीय चिरंजीव नोकरीनिमित्त दक्षिण कोरियांत असतात. त्यांच्या आग्रहावरून गेल्या शरदृतूंत आम्ही सपत्नीक तिकडे गेलों. निघतेवेळीं घरांत एक वाद अनिर्णीत राहिला होता. कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ वाड्याच्या अंगणांत संगमरवरी छत्री उभारावी, असें आमच्या मनानें घेतलें होतें. कनिष्ठ बंधूंचें म्हणणें, ज्या पडवींत तीर्थरूप गांवच्या मुलांस शिकवीत, ती दुरुस्त करून पुनः मुलांस मोकळी करावी. या कारणें दोन महिने एका पंक्तीस बसूनही आम्हां उभयतांत अबोला होता.

ग्योंग्जू ही प्राचीन सिल्ला राज्याची राजधानी. तेथील देरुंगवोन नामक आवारांत २३ टेकड्या आहेत. हिरवळीनें झांकलेल्या त्या गोल टेकड्या दुरून धान्याच्या राशींसारख्या दिसतात. परंतु तीं सर्व थडगीं होत. आंत लाकडी कोठी, तीवर दगडगोट्यांचा ढीग आणि वर माती, अशा रचनेमुळें चोरांस आंत शिरणें दुर्घट झालें. सर्वांत मोठी जोडटेकडी सुमारें १२० मीटर लांब आहे. १९७३ सालीं उकरलेल्या एका थडग्यांत सुवर्णमुकुट निघाला, आणि घोड्याच्या अंगावर चिखल उडूं नये म्हणून लावावयाच्या भूर्जसालीच्या पट्टीवर रंगविलेला दिव्य अश्वही निघाला. त्यावरून त्यास दिव्याश्वाचें थडगें म्हणतात. घोड्याचें नांव राहिलें. आंत निजलेल्या राजाचें नांव मात्र निश्चित सांगतां येत नाहीं!

दुसरे दिवशीं बुल्गुक्सा मंदिर व त्यावरील डोंगरांतील सोक्कुराम हें पाषाणगृह पाहिलें. किम दे-सोंग नामक प्रधानानें इ. स. ७५१ च्या सुमारास मंदिर या जन्मींच्या मातापितरांसाठीं व पाषाणगृह पूर्वजन्मींच्या मातापितरांसाठीं आरंभिलें, अशी आख्यायिका आहे. आंत भूमिस्पर्शमुद्रेंतील शांत बुद्धमूर्ति आहे. दर्शन कांचेआडून घ्यावें लागतें. भोंवतालच्या भिंतींवर ब्रह्मा व इंद्र कोरलेले आहेत, हें कळतांच परमुलुखांत आप्त भेटल्यासारखें वाटून आमच्या कुटुंबानें नकळत हात जोडले.

तिसरे दिवशीं पूर्वकिनाऱ्यावर गेलों. तेथें तीरापासून सुमारें २०० मीटरांवर समुद्रांत एक खडक आहे. सिल्लाचा राजा मुन्मु इ. स. ६८१ मध्यें वारला. कोरियांतील तीन राज्यांचें एकीकरण त्याचे कारकीर्दींत झालें. इतका पराक्रमी राजा. पण मोठमोठीं थडगीं द्रव्याचा व प्रजेच्या श्रमांचा अपव्यय होत, आपणांस पश्चिमेकडील देशाच्या, म्हणजे भारताच्या, रीतीनें अग्नि द्यावा, अशी त्याची अंतिम आज्ञा होती. मरणोत्तर महानाग होऊन आपण देशाचें रक्षण करूं, अशीही त्याची इच्छा सांगतात. त्याचें अंत्यस्थान हाच खडक, अशी परंपरा आहे.

जवळच त्याच्या पुत्रानें ६८२ मध्यें पुरें केलेलें गामुन्सा मंदिर होतें. आज दोन तिमजली पाषाणस्तूप व मंदिराचीं जोतीं मात्र उरलीं आहेत. मुख्य मंदिराच्या जमिनीखालीं पोकळ जागा दिसते. नागरूपी पित्यास समुद्रांतून आंत येतां यावें म्हणून ती ठेविली, असें म्हणतात.

त्या पोकळीपाशीं आम्ही पुष्कळ वेळ उभे राहिलों. पुत्रानें पित्यावर ओझें रचलें नव्हतें; त्यास येण्यास वाट ठेविली होती. आमच्या वाड्याची पडवी अकरा वर्षें कुलूपबंद आहे, आणि तिची किल्ली आमच्याच पेटींत आहे.

त्याच सायंकाळीं चिरंजीवांकरवीं दूरध्वनि लावून बंधूंस म्हटलें, "पडवीच्या कामास सुतार बोलवा." क्षणभर पलीकडून शब्द आला नाहीं. मग ते म्हणाले, "अण्णा, आधीं तुम्ही घरीं या. कुलूप आपण दोघे मिळून काढूं."