रस्ता रुंद व्हायचा तर आधी नगरपरिषदेचा ठराव हवा

मुखेडकरहो,

आपल्या गावाला रेल्वे नाही. बोधन-बिलोली-मुखेड-लातूर रोड या मार्गाची मागणी करता करता एक पिढी म्हातारी झाली. त्यामुळे नांदेडला न्यायचा पेशंट असो की मोंढ्यात आणायचं सोयाबीन, सगळी भिस्त रस्त्यावर. नरसीहून मुखेडमार्गे शिरूर ताजबंदकडे जाणारा रस्ता नव्याने बांधून रुंद व्हावा, ही मागणी आपण सगळेच करतो. पण गावातल्या पट्ट्याचं काय करायचं, हे ठरवण्यात नगरपरिषदेचा वाटा मोठा आहे आणि तिथे आपण गप्प आहोत. म्हणून हे आवाहन.

सर्पदंशाच्या उपचारासाठी मुखेडचं नाव राज्यभर झालं ते डॉ. दिलीप पुंडे यांच्या कामामुळे. तांड्यावरून, शेतातून लोक पेशंट घेऊन इकडे धावतात. मण्यार चावलेल्या माणसाचा श्वास कधी अडेल याचा नेम नसतो. आणि गाडी अडकते ती गावाच्या तोंडाशी: एका बाजूला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला हातगाडे, मधोमध पॅसेंजरची वाट पाहत तिरपी उभी काळीपिवळी. हॉर्न वाजवून रस्ता रुंद होत नसतो.

बांधकाम खातं निधी आणेल, ठेकेदार मशीन आणेल. पण नळाची पाइपलाइन, गटारं, पथदिवे, अतिक्रमणं ही कामं नगरपरिषदेच्या दारातली आहेत. ती आधी झाली नाहीत तर काय होतं, हे कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसेल. काँक्रीट ओतलं जातं, महिन्याभरात नळाचं कनेक्शन द्यायला तेच फोडलं जातं आणि ती चीर कुणी नीट बुजवत नाही. विजेचा खांब तर नव्या रस्त्याच्या आत उभाच राहतो, महावितरणला पत्र गेलेलं नसतं म्हणून.

आता उंचीचं. रस्ता नवीन करायचा म्हणजे जुन्यावर थर चढवायचा, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. दर वेळी रस्ता वर जातो आणि दुकानाचा उंबरा खाली. पाऊस आला की पाणी थेट गल्ल्याखाली. आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता थर टिकत नाही. खाली खोदून, मुरूम भरून, दाबून पाया करावा लागतो. ठरावात हे स्पष्ट लिहून घ्या: जुना थर काढल्याशिवाय नवा नको, आणि दोन्ही बाजूंची गटारं रस्त्याच्या आधी.

मोऱ्यांचंही तसंच. ऑगस्ट 2025 मध्ये मुक्रमाबाद भागात एका रात्रीत 200 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. हसनाळ, रावणगावात पाणी शिरलं, माणसं गेली, लष्कराला यावं लागलं. तिथे लेंडी धरणाचा प्रश्न वेगळा आहे, तो या रस्त्यात मिसळायला नको. पण तसा पाऊस पुन्हा येणारच नाही असं धरून चालणं धोक्याचं. उंच रस्ता आणि त्याखाली तीन फुटी नळा म्हणजे गावाच्या मधोमध घातलेला बांध.

ज्यांची दुकानं रस्त्याला लागून आहेत, त्यांची भीती मला कळते. मोजणीच्या खुणा दिसल्या की झोप उडते. पण सगळ्यांचं प्रकरण एक नाही. स्वतःच्या मालकीची जागा जात असेल तर 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला हा हक्क आहे. कागद तयार ठेवा, भूमी अभिलेखची मोजणी समोर उभं राहून करून घ्या. हातगाडीवाल्यांसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे; सर्वेक्षण न करता त्यांना उठवता येत नाही, त्यांची जागा आधी ठरली पाहिजे. राहिले ते सरकारी जागेवर ओटा आणि पत्र्याचं शेड पुढे काढलेले. त्यात आपल्यातलेच पुष्कळ आहेत. त्यांनी स्वतःहून मागे सरकावं. जेसीबी आल्यावर पुढाऱ्याला फोन लावायचा हा खेळ आता पुरे.

राज्यातल्या नगरपरिषदा बरीच वर्षं प्रशासकाच्या हाती होत्या. डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनंतर विचारायला पुन्हा आपली माणसं आहेत. मत मागायला आले तेव्हा त्यांनीही याच खड्ड्यांतून गाडी चालवली असेल. शिवाय ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आहे. रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेला यापुढे हात झटकता येणार नाहीत.

मृग लागला की डांबर, खोदाई, सगळं थांबतं आणि वर्ष जातं. म्हणून त्याआधी सर्वसाधारण सभेत ठराव झाला पाहिजे: रस्त्याला नगरपरिषदेचा पाठिंबा, विकास आराखड्याप्रमाणे हद्दीची मोजणी, पाइपलाइन आणि खांब हलवण्याचा खर्च कुणाचा आणि कधीपर्यंत. प्रत्येक प्रभागातून वेगळं निवेदन जाऊ द्या. आपापल्या नगरसेवकाला सोबत घ्या, त्याची सही पहिली घ्या. व्यापारी, रिक्षावाले, शाळेत पोरं सोडणाऱ्या बाया, सगळ्यांच्या सह्या हव्यात. एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना, एक सार्वजनिक बांधकाम विभागाला द्या. आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.