विश्वाला माप कोणते लावाल?

लांबीला मीटर आहे, वस्तुमानाला किलोग्रॅम आहे. मग अख्ख्या विश्वालाच एखादे एकक का नसावे? आपले विश्व 'एक' धरले, तर दुसरे एखादे विश्व 'अडीच' भरेल, असे म्हणता येईल काय? दुसरे विश्व कोणी पाहिलेले नाही. तरीही अशी कल्पना जरूर करावी, असे माझे मत आहे. मात्र तिला एक कसोटी लावावी: आपले एकक कशाच्या आधारावर उभे आहे?

१८८९ साली मीटर म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या एका धातूच्या दांड्यावरील दोन रेघांमधले अंतर होते. १९८३ पासून तो प्रकाशाच्या वेगावरून ठरतो. १८९९ सालीच माक्स प्लांक यांनी प्रकाशाचा वेग, गुरुत्व स्थिरांक आणि स्वतः शोधलेला स्थिरांक यांच्यावरून लांबी, वस्तुमान व काळ यांची एकके बांधली होती. त्यांत ना पृथ्वीचा आधार, ना माणसाचा. पण हे स्थिरांकही आपल्याच विश्वात मोजलेले! समजा, दुसऱ्या विश्वातील प्रत्येक अणू दुप्पट मोठा आहे. मग तेथील पट्टीही दुप्पट आणि मोजणाराही दुप्पट. फरक कळणार कसा?

म्हणून विश्वांची तुलना करायची, तर ज्यांना एककच लागत नाही अशा संख्या घ्याव्या लागतील. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड आहे. वजन ग्रॅममध्ये करा की तोळ्यात, १८३६ हा आकडा हलत नाही. या दोन कणांमधील विद्युत आकर्षण त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणाच्या कितीतरी पट आहे. किती, तर दोनावर ३९ शून्ये! गुरुत्वाकर्षण तुलनेने पुष्कळ बलवान असते, तर तारे लहान आणि अल्पायुषी झाले असते. मग सजीवांना उत्क्रांतीसाठी वेळ कोठून मिळाला असता? विश्वाची खरी ओळख अशा आकड्यांत आहे.

उत्तरापुढे एकक लिहिले नाही, की आम्ही शिक्षक गुण कापतो, आणि ते योग्यच आहे. पण कोणत्या उत्तराला एकक नसते आणि का नसते, हेही वर्गात विचारले जावे. तुमच्या पुस्तकातील अपवर्तनांक आणि सापेक्ष घनता यांच्यापासून सुरुवात करा. एकके नुसती पाठ करणाऱ्याला हा प्रश्न अडवील. समजून घेणाऱ्याला तो थेट विश्वाच्या मोजणीपर्यंत नेईल.