‘मी’ची चढण, ‘आम्ही’ची ठेव

आम्ही दोघे मराठी शिकवतो. एक पेणला, दुसरा रोह्याला. दिवा-रोहा गाडीत गाठ पडली की बोलणे अभ्यासक्रमावरून सुरू होते आणि विद्यार्थ्यांवर येऊन थांबते. मध्यंतरी आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना दोघांनीही आपापल्या वर्गाला एकच काम दिले : आवडलेल्या एका आत्मकथनाविषयी दोन पाने लिहून आणा. नेमलेली पुस्तके बाजूला ठेवून बऱ्याच जणांनी जी निवडली, ती एकाच घराण्यातली होती. झोपडीतला किंवा चाळीतला मुलगा, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, आईचे कष्ट, मग मुंबई, शेअर बाजार आणि शेवटच्या प्रकरणात कोट्यवधींचा फंड सांभाळणारा मोठा माणूस. एका विद्यार्थिनीने शेवटी लिहिले होते : आपल्या पुस्तकांत गरिबी फार असते, पण पैसा कधी नसतो, या पुस्तकांत निदान पैसा तरी असतो.

हे वाक्य आम्हांला लागले, कारण ते बरेचसे खरे आहे. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी भूक, जात आणि अपमान यांचा हिशेब मराठीत प्रथमच इतक्या नेमकेपणाने मांडला. परंतु त्या हिशेबाच्या पुढची वही आपण फारशी उघडली नाही. नोकरी लागल्यावर आलेल्या पैशाचे माणसाने काय केले, कर्ज कसे फेडले, कोणाला दिले, कोणाला नाकारले, शिल्लक कोठे ठेवली, याविषयी आपले साहित्य आणि त्याहूनही आपली समीक्षा संकोचते. पैशाची भाषा वाङ्मयाबाहेरची, असा एक सोवळा समज आपल्यात मुरलेला आहे. ती जागा आपण मोकळी सोडली आणि यशोगाथांनी ती भरून काढली. मोबाइलवर डीमॅट खाते उघडणाऱ्या मुलांनी तिकडे वळावे, यात त्यांचा दोष नाही.

आमची तक्रार त्या गाथांच्या साच्याविषयी आहे. २००६ साली ‘द परसूट ऑफ हॅपिनेस’ हा अमेरिकन चित्रपट आला. मुलाला घेऊन निराधार भटकणाऱ्या आणि पुढे स्वतःची दलाली पेढी काढणाऱ्या ख्रिस गार्डनर यांच्या आयुष्यावर तो बेतलेला होता. माणूस खरा, दुःखही खरे. परंतु त्यानंतर जगभर आणि आपल्याकडेही जो साचा रूढ झाला, त्यात गरिबी हे केवळ पहिले प्रकरण असते. ती ओलांडून जायची असते, समजून घ्यायची नसते. कथेचे सारे क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी : मी सोसले, मी शिकलो, मी चढलो. आई, बहीण, शेजारी यांचे ऋण अर्पणपत्रिकेत फेडले जाते आणि पुढच्या पानांवर ती माणसे दिसत नाहीत. त्याहून मोठी उणीव म्हणजे, नायक ज्या पैशावर मोठा होतो तो कोणाचा, हे कोठेच लिहिलेले नसते. फंड सांभाळणारा माणूस मुख्यतः दुसऱ्याची बचत सांभाळत असतो. दरमहा पाचशे-हजार रुपये टाकणारी असंख्य माणसे त्या चढणीच्या प्रत्येक पायरीखाली उभी असतात.

आमच्या भागापुरते बोलायचे, तर अर्थविश्वातल्या नेतृत्वासाठी पहिले नाव ओठांवर येते ते चिंतामणराव देशमुख यांचे. जन्म महाडजवळच्या नाते येथे, १४ जानेवारी १८९६ रोजी; बालपण रोह्यात. रोह्यात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि गौरवाच्या भाषणांतून त्यांनाही त्या साच्यात बसवण्याचा मोह वक्त्यांना होतो. तो आवरला पाहिजे. चिंतामणराव गरीब घरातले नव्हते. वडील वकील होते, घरात शिक्षणाची आणि सार्वजनिक कामाची परंपरा होती. १९१२ च्या मॅट्रिकला पहिला क्रमांक आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिज, आय.सी.एस. आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरपद, ही वाट बुद्धीची होती, तशीच अनुकूलतेचीही होती. हे सांगितल्याने त्यांचा मोठेपणा उणावत नाही. मात्र रोह्याच्या आदिवासी वाडीतल्या मुलाला ‘तूही तसाच हो’ असे सांगताना आपला आवाज थोडा खाली येतो, आणि तो यायलाच हवा.

देशमुखांकडून घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. ते अर्थमंत्री असताना, जानेवारी १९५६ मध्ये, वटहुकूम काढून आयुर्विम्याचा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला. लहानमोठ्या २४५ संस्थांमध्ये विखुरलेली सामान्य माणसाची बचत एका विश्वस्त यंत्रणेखाली आणण्याचा तो निर्णय होता. आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झाले, तेव्हा देशमुख मंत्रिपदावर नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला होता. यंत्रणा उभी केली म्हणजे विश्वास आपोआप टिकतो असे नाही. पुढच्याच वर्षी याच महामंडळाचा पैसा मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवला गेल्याचे प्रकरण संसदेत गाजले आणि १९५८ साली नव्या अर्थमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. दुसऱ्याचा पैसा हाती असणे म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट धडा कोठल्या यशोगाथेत आम्हांला मिळालेला नाही.

पेणकरांना तर तो धडा वेगळा शिकवावा लागत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि लाखाहून अधिक ठेवीदारांचे पैसे अडकले. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या कारागिराचा पैसा वर्षातून एकाच मोसमात येतो. तो कोठेतरी ठेवूनच उरलेले वर्ष काढायचे असते. ठेव-विम्याची मर्यादा तेव्हा एक लाख रुपये होती. ती पाच लाखांवर गेली २०२० मध्ये. वर्गात ‘ठेव’ हा शब्द आला की आजही एखाददुसरा विद्यार्थी मान वर करून पाहतो. अशा गावात गुंतवणुकीच्या क्षेत्रातल्या नायकाची गोष्ट सांगायची, तर ती ठेवणाऱ्याच्या बाजूनेही सांगावी लागेल.

आता खऱ्या गरिबीतून या क्षेत्रापर्यंत गेलेल्या माणसाकडे वळू. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करून वाढलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्र शिकून १९१७ साली परतले. बडोद्याची नोकरी अस्पृश्यतेमुळे सोडावी लागल्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर आणि गुंतवणूक यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाइके येईनाशी झाली. व्यवसाय बंद पडला. रुपयाच्या प्रश्नावर ज्याचा ग्रंथ पुढे १९२३ साली लंडनहून निघाला आणि हिल्टन यंग आयोगाने ज्याची साक्ष नोंदवली, त्या माणसाचा गुंतवणुकीचा सल्ला मुंबईला नको होता. यशोगाथेचे मूळ गृहीतक असे की, गुणवत्ता आणि कष्ट असले की बाजार जात विचारत नाही. मुंबईच्या बाजाराने ती विचारली होती. ही हकिकत यशाच्या पुस्तकांत का येत नाही, असे विद्यार्थ्यांना विचारले पाहिजे. बाबासाहेबांनी त्यानंतर स्वतःपुरती दुसरी शिडी शोधली असती, तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी शिडी कोणी काढून घेतली, हा प्रश्न सगळ्यांसाठी उभा केला. १९२७ साली आमच्याच जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर, तो पाण्याच्या रूपाने उभा राहिला.

या पार्श्वभूमीवर डॉ. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) पुन्हा वाचावे, असे आम्हांला वाटते. जेमतेम अक्षरओळख असलेले, पोर्ट ट्रस्टमध्ये कष्ट केलेले वडील, वडाळ्याची वस्ती, आणि त्या घरातला मुलगा अमेरिकेतून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन रिझर्व्ह बँकेचा प्रमुख अर्थतज्ज्ञ होतो. साच्यासाठी याहून सोयीची सामग्री मिळणार नाही. तरीही पुस्तक साच्यात जात नाही, याचे कारण शीर्षकातच आहे. त्यात ‘मी’ नाही. निवृत्तीनंतर वडिलांनी मुलाच्या आग्रहावरून केलेले लेखन हा त्या पुस्तकाचा पाया आहे. वडिलांचे जगणे आधी येते, चळवळ त्यात मिसळलेली असते, आणि मुलाचे पद त्या साऱ्याचे एक फळ म्हणून शेवटी दिसते. ‘आन्’ हा एवढासा बोलीतला शब्दही रिझर्व्ह बँकेपर्यंत सोबत गेला आहे. रोह्याच्या वकिलाचा मुलगा आणि वडाळ्याच्या कामगाराचा मुलगा एकाच संस्थेत पोहोचले. मधल्या अर्धशतकात काय बदलले आणि कोणामुळे, याचे उत्तर ‘मी’च्या कथेतून मिळणारे नाही.

आमच्यावर एक आक्षेप येईल : मुलांना उमेद हवी असते, तुम्ही त्यांच्या हातातली उमेद काढून घेता. आक्षेप गंभीर आहे. पहाटेची गाडी पकडून पनवेल-मुंबईला कामाला जाणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी नोट्स मागायला येणाऱ्या मुलासमोर साच्याची चिकित्सा करणे सोपे नसते. ज्याने सोसले त्याला ‘मी’ म्हणण्याचा हक्क आहे, हेही आम्ही मानतो. तथापि एकवचनी उमेदीची दुसरी बाजू वर्गात रोज दिसते. ज्याला चढता आले नाही तो स्वतःला नालायक समजू लागतो, आणि त्याला तसे समजावणारे पुस्तकही तेच असते.

म्हणून यंदा आम्ही कामाचा विषय बदलला आहे. विद्यार्थ्यांनी यशोगाथाच निवडावी, आमची हरकत नाही. मात्र वाचताना दोन प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत. नायक चढला तेव्हा त्याच्या घरातली, वस्तीतली बाकीची माणसे कोठे होती? आणि त्याने सांभाळलेला पैसा कोणाचा होता? पहिली दहाबारा उत्तरे आली आहेत. त्या विद्यार्थिनीने या खेपेला पुस्तकाबद्दल अर्धेच पान लिहिले असून उरलेली अडीच पाने तिच्या आजीच्या बँकेतल्या पासबुकाविषयी आहेत. गुण कसे द्यावेत, हे आमचे अजून ठरलेले नाही.